एचपीव्ही लस: माझ्या लेकीला परवडली, सुरगाण्याच्या मुलीचं काय? (हिशेबासह)

शेवंती_इंदिरानगर | १२ जानेवारी २०२५, सकाळी १०.४०

मंडळी, गेल्या महिन्यात माझ्या लेकीला (वय १२) गंगापूर रोडच्या आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे एचपीव्ही लसीचा (गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूविरुद्धची लस) पहिला डोस दिला. सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक, २००० रुपये, डॉक्टरांची फी वेगळी. दुसरा डोस जूनमध्ये. घरी आल्यावर आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी विचारलं, "कसली सुई दिली पोरीला?" मी म्हटलं, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून. त्या मूळच्या नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातल्या, सुरगाणा तालुक्यातल्या. त्यांच्या दोन भाच्या आहेत, एक आश्रमशाळेत, दुसरी आईबापाबरोबर पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामावर. "आमच्या पोरींना मिळंल का?" असं त्यांनी विचारलं आणि किंमत सांगायला माझं तोंड उघडेना.

माझी थोरली मावशी २०११ मध्ये याच आजाराने गेली. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. आठ महिने तिने कुणाला सांगितलं नाही. निदान झालं तेव्हा तिसरी पायरी. काकांनी अर्धा एकर विकली. म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता आकड्यांचा नाही. पण मी अकाउंट्समध्ये काम करते आणि हिशेब मांडल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही.

आधी चित्र. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या वर बायकांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास दगावतात. जगात साडेतीन लाख दगावतात, आणि त्यातल्या शंभरांतल्या चौऱ्याण्णव गरीब नि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. श्रीमंत देशांत दर काही वर्षांनी तपासणी होते, त्यामुळे गाठ व्हायच्या आधीच बिघाड सापडतो. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम दोन टक्के बायकांनी कधीतरी ही तपासणी केल्याचं आढळलं. तपासणीचं जाळंच नाही, म्हणून आपल्याकडे लस जास्त मोलाची.

आता हजार मुली घ्या. जन्मभरात शंभरात एकीला हा कॅन्सर होतो असं धरते (प्रत्यक्षात जास्त आहे, मुद्दाम कमी धरलंय). म्हणजे दहा. लसीने त्यातले सात टळतात असं धरू. दहातल्या सहा दगावतात, म्हणजे टळलेल्या सातांमागे साधारण चार जीव वाचतात. लस सरकारी खरेदीत ३०० रुपयांना (सीरमच्या प्रमुखांनी २०२२ मध्ये २०० ते ४०० असं सांगितलं होतं) आणि मुलीपर्यंत पोचवायला आणखी ३००. एकच डोस. हजार मुलींचे सहा लाख. एक जीव दीड लाखात.

पण हा फायदा आज मिळत नाही, चाळीस वर्षांनी मिळतो. अर्थशास्त्राचे लोक पुढच्या फायद्याला वर्षाला ३ टक्के कात्री लावतात. एका मृत्यूमागे वीस वर्षं वाया जातात असं धरून कात्री लावली की त्या वीस वर्षांची आजची किंमत साडेचार वर्षांच्या आसपास उरते. चौघींची मिळून अठरा. सहा लाख भागिले अठरा, म्हणजे आयुष्याचं एक वर्ष साधारण ३३ हजारांना. आपलं दरडोई उत्पन्न दोन लाखांच्या आसपास आहे, आणि एका वर्षाचा खर्च त्याच्या आत असेल तर तो उपाय किफायतशीर, असं मानायची पद्धत आहे.

आता हाच हिशेब मी माझ्या लेकीसाठी दिलेल्या किमतीने केला. दोन डोस, चार हजार. एक वर्ष पडलं दोन लाख बावीस हजारांना! लस तीच, मुलगी त्याच वयाची. बाजारभावाने ती मर्यादेच्या पलीकडे जाते आणि सरकारी भावाने मर्यादेच्या एक षष्ठांशात बसते. त्यामुळे "ही लस भारताला परवडते का" या प्रश्नाला, कोणत्या भावाने आणि किती डोस हे सांगितल्याशिवाय अर्थच नाही असं माझं मत झालं आहे. चुकत असेन तर सांगा.

---

रानफूल | सकाळी ११.१५

वाचतेय. माझी मुलगी दहाची आहे.

---

बार्शीकर | दुपारी १२.०५

शेवंतीताई, तुम्ही "एकच डोस" असं एका वाक्यात लिहून पुढे गेलात, पण त्यामागे आपल्याच मुली आहेत, ते सांगतो.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने भारतात एक अभ्यास सुरू केला. दोन डोस पुरतात की तीन लागतात, एवढंच पाहायचं होतं. केंद्रांमध्ये आमच्या बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय होतं, पुणं होतं, मुंबईचं टाटा होतं. पुढे दुसऱ्याच एका प्रकल्पावरून देशात वाद पेटला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळीकडची एचपीव्ही लस देणं थांबवलं. तोवर सतरा हजारांवर मुली अभ्यासात आल्या होत्या. कुणाचे तीन डोस झाले होते, कुणाचे दोन, आणि जवळपास पाच हजार जणींचा एकच झाला होता. हा गट कुणी ठरवून केलेला नव्हता. पण आमच्याकडच्या लोकांनी त्या मुलींना सोडलं नाही. लग्न होऊन सासरी गेलेल्यांना शोधून वर्षानुवर्षं नमुने घेतले. २०२१ मध्ये निकाल छापून आला: विषाणूच्या १६ आणि १८ या मुख्य प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसचं संरक्षण ९५ टक्के. दोन आणि तीन डोसवाल्यांचं ९३. म्हणजे फरक नाहीच.

केनियातल्या चाचणीतही असंच दिसलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयात एक डोसही चालेल असं सांगितलं. आज आफ्रिकेतले अनेक देश एका डोसवर कार्यक्रम राबवतात, त्यात बार्शी तालुक्यातल्या पोरींचा वाटा आहे. त्यांना हे कुणी जाऊन सांगितलंय का, ठाऊक नाही. मला मात्र अभिमान वाटतो.

---

विनायक_सिडको | दुपारी १.३०

बार्शीकर, तो "दुसराच एक प्रकल्प" इतक्या सहज ओलांडू नका. तो एचपीव्ही लसीचाच, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्याचा होता. आदिवासी मुली. अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापाच्या नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. सात मुलींचे मृत्यू झाले. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक शब्दांत लिहिलं आहे.

शेवंतीताईंच्या हिशेबाला माझा विरोध नाही. माझं म्हणणं असं की सुरगाणा-पेठेत कुपोषण आहे, टीबी आहे, बाळंतपणात बायका जातात. तिथे आज मरणाऱ्याला सोडून चाळीस वर्षांनंतरच्या आजारावर पैसे घालायचे? आणि आश्रमशाळेत मुली एका जागी सापडतात म्हणून त्यांना रांगेत उभं करून टोचायचं, हे मला पटत नाही.

---

डॉ_नाशिकरोड | दुपारी ३.५०

विनायकराव, संमतीच्या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. लहान मुलीच्या लसीसाठी वॉर्डनची सही ही संमती नव्हेच. त्या प्रकल्पात मुलींच्या पालकांना माणूस म्हणून वागवलं गेलं नाही आणि त्याची किंमत देशाने दहा-बारा वर्षं मोजली. पण मृत्यूंबद्दल अर्धं सोडू नका. चौकशी झाली तेव्हा त्यांत विहिरीत बुडणं, साप चावणं, विषप्राशन, मलेरिया अशी कारणं निघाली. लसीचा संबंध दिसला नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं झाली. माझ्याकडे येणाऱ्या बाईचं वाक्य ठरलेलं असतं: "बरेच दिवस अंगावरून पांढरं जातंय, आता लाल दिसतंय." तपासायला घ्यावं तर हाताला गाठ लागते. मग पाच आठवडे रोज बाहेरून रेडिएशन, आठवड्याला एक केमो, शेवटी आतून रेडिएशन. महात्मा फुले योजनेत उपचाराचे पैसे सुटतात. पण कळवण किंवा सुरगाण्याहून आलेल्या बाईने पाच आठवडे नाशिकला राहायचं कुठे? बरोबरच्या माणसाची मजुरी कोण देणार? लेकरं कुणाकडे? तिसऱ्या आठवड्यात यायच्या बंद झालेल्या बायका मला आठवतात. शेवंतीताईंनी हा खर्च धरलाच नाही, तो धरला तर लस आणखी स्वस्त दिसेल.

तपासणीबद्दल थोडं. लस आली म्हणून तपासणी नको असं कुणी समजू नये. आज तीस-पस्तीस वर्षांची जी आहे तिला या लसीचा फारसा उपयोग नाही, तिला तपासणीच वाचवेल. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) सव्वा लाखांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या लोकांनी साध्या व्हिनेगरने, म्हणजे सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून, तपासणी केली. दहावी शिकलेल्या सेविकांनी केलेलं काम, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आईला तपासणी, मुलीला लस, असंच मी सांगते.

---

रानफूल | दुपारी ४.२०

डॉक्टर, एक विचारू का? सासूबाई म्हणतात ही लस "तसल्या" संबंधांतून होणाऱ्या रोगाची आहे, आपल्या घरच्या मुलीला कशाला. आणि मूल होण्यात अडचण येते असंही कुणीतरी सांगितलंय त्यांना.

---

डॉ_नाशिकरोड | दुपारी ४.४५

जरूर विचारा. हा विषाणू इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी लागतोच. बहुतेकींचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत घालवून टाकतं, काहींच्यात तो चिकटून बसतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या कितीतरी बायका मी यात पाहिल्या आहेत. यात चारित्र्याचा प्रश्न नाही. लस नऊ ते चौदा वयात द्यायची कारण तेव्हा शरीर उत्तम प्रतिकारशक्ती तयार करतं, आणि विषाणू यायच्या आधी दिली तर ती सर्वांत चांगलं काम करते.

मूल न होण्याचं म्हणाल तर लसीत जिवंत किंवा मेलेलाही विषाणू नाही. विषाणूच्या वरच्या कवचासारखं दिसणारं नुसतं प्रथिन आहे. २००६ पासून जगभर कोट्यवधी मुलींना दिली, त्यांतल्या कितीतरी आता आया आहेत. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये आजवर हा कॅन्सर एकीलाही आढळला नाही, असं गेल्याच वर्षी प्रसिद्ध झालं. सासूबाईंना माझ्याकडे घेऊन या हवं तर, त्यांचीही तपासणी करून टाकू.

---

निफाडकर | रात्री ८.१०

मी द्राक्ष बागायतदार. वैद्यकातलं कळत नाही, पण मजुरांचं सांगतो. आमच्याकडे पेठ, सुरगाणा, दिंडोरीच्या पश्चिम पट्ट्यातून टोळ्या येतात. भात काढला, दिवाळी झाली की उतरतात. थिनिंग, डिपिंग (घड विरळ करणं, औषधात बुडवणं), मग काढणी. होळीला परत. बारा-तेरा वर्षांच्या पोरी बरोबर असतात, धाकट्या भावंडांना सांभाळायला. शाळेत नाव असतं, पोरगी बागेत असते. शाळेत जाऊन लस दिली असं कागदावर लिहिलं जाईल, या पोरी त्यात नसतील.

ऑगस्टात पहिली सुई, फेब्रुवारीत दुसरी असं ठेवलं तर फेब्रुवारीत ती माझ्या किंवा माझ्या शेजाऱ्याच्या मळ्यात असणार. एकच डोस असेल तर जमण्यासारखं आहे.

---

अर्थ_विद्यार्थी_पुणे | १३ जानेवारी, रात्री १२.४०

मूळ नाशिकचाच, पंचवटी. आरोग्य अर्थशास्त्र शिकतो. शेवंतीताई, हाताने केलेला हिशेब म्हणून उत्तम आहे. तीन ठिकाणी बोट ठेवतो.

दरडोई उत्पन्नाची मर्यादा ही पूर्वी जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने सर्रास वापरली जाई. आता तिच्यावर बरीच टीका होते, कारण ती फार सैल आहे. एखादा उपाय मर्यादेच्या आत आहे म्हणून सरकारकडे पैसे आहेत असं होत नाही. विनायककाकांचा प्रश्न नेमका हाच आहे: तोच रुपया दुसरीकडे घातला तर किती आयुष्य मिळेल? म्हणून मर्यादा निम्मी करून बघा, एक लाख. तुमचे ३३ हजार तरीही तिच्या बरेच आत राहतात.

दुसरं, एकूण बोजा. देशात दर वर्षी एका वयाच्या एक कोटीहून जास्त मुली असतात. ६०० रुपयांनी सहाशे कोटींच्या वर, दर वर्षी. किफायतशीर असूनही सरकारं कचरतात ती या आकड्याला. पहिल्या वर्षी ९ ते १४ सगळ्या वयांना द्यायचं म्हटलं तर सहापट. म्हणूनच दुसरा डोस वाचवणं इतकं मोलाचं आहे: त्या पैशांत आणखी तेवढ्याच मुलींना पहिला डोस मिळतो.

तिसरं, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पोचवायला ३०० रुपये हे इंदिरानगरच्या शाळेसाठी ठीक आहे. पाड्यावर नाही. पण तुमच्याच कोष्टकात पोचवायचा खर्च तिप्पट करा, ९००. एकूण १२०० झाले, तरी एक वर्ष पडतं ६६ हजारांना. म्हणजे दुर्गम भागात जाणं महाग आहे ही सबब हिशेबात टिकत नाही. उलट मी म्हणेन की तिथल्या मुलीला पुढे तपासणी मिळायची शक्यता सर्वांत कमी, म्हणून तिला दिलेल्या डोसने जास्त आयुष्य वाचतं. नाशिक शहरातल्या मुलीला निदान तिसाव्या वर्षी कुणी तपासेल तरी.

जगभरचा असा हिशेब २०१४ मध्ये झाला होता. १७९ देश, बारा वर्षांच्या पाच कोटी ऐंशी लाख मुली. लस दिली तर त्यांच्या आयुष्यात ६,९०,००० कॅन्सर आणि ४,२०,००० मृत्यू टळतील, आणि १७९ पैकी १५६ देशांत ती फार किफायतशीर ठरेल असं निघालं. तेही पूर्ण डोस धरून. एका वर्षाआधी, २०१३ मध्ये, ‘गावी’ (Gavi) या आंतरराष्ट्रीय लस-संस्थेने गरीब देशांसाठी लसीची किंमत साडेचार डॉलरवर आणली होती. त्याच वेळी श्रीमंत देशांत ती शंभर डॉलरच्या वर होती.

---

विनायक_सिडको | सकाळी ९.०५

अर्थ_विद्यार्थी, पाड्यावरच्या मुलीला जास्त फायदा हा मुद्दा मी धरला नव्हता. मान्य. टीबी विरुद्ध लस असा सामना लावायची माझी मांडणी बरोबर नव्हती. संमतीचं मात्र सोडणार नाही.

---

आशा_गटप्रवर्तक_पेठ | दुपारी २.३०

नमस्कार. मला धागा माझ्या भाचीने पाठवला. मी पेठ तालुक्यात गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करते. तुम्ही सगळे आमच्या गावांबद्दल बोलताय म्हणून लिहिते.

लस पोचवायचा खर्च नेमका कशात असतो ते सांगते. लस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये असते. सत्राच्या दिवशी सकाळी कॅरिअरमध्ये आइसपॅक भरून निघायचं. उपकेंद्रापर्यंत गाडी जाते, पुढे कधी मोटरसायकल, पावसाळ्यात पायी. हे सगळं आम्ही बाळांच्या लसींसाठी दर महिन्याला करतोच. दहा वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलांना टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) सुई देतोच. त्याच कॅरिअरमध्ये आणखी एक लस ठेवायची असेल तर नवा खर्च फार नाही. वेगळी मोहीम काढली तर मात्र वाढतो. म्हणून माझं म्हणणं, टीडीच्या दिवसाला जोडा.

विनायकदादांनी संमतीचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. २०१८ ला गोवर-रुबेलाची मोहीम आली तेव्हा शाळेत आधी कुणी काही सांगितलं नाही, एकदम गाडी आली. एका गावात आया भिंतीवरून पोरं काढून घेऊन गेल्या. नंतर मी आणि दोन आशाताई घरोघर फिरलो तेव्हा परत आल्या. त्या आडमुठ्या नव्हत्या, त्यांना विचारलं नव्हतं. आश्रमशाळेतल्या मुली दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी येतात. तेव्हा घरी जाऊन आईशी बोलायचं, सही किंवा अंगठा तिथेच घ्यायचा, सुई नंतर शाळेत. एक फेरी जास्त पडेल, पण त्या फेरीला मोबदला ठरवून द्या. आशाताई फुकट फिरते असं धरून हिशेब करू नका.

आणि कामावर गेलेल्या पोरींची नावं आमच्याकडे असतात. कोण कुठल्या मळ्यावर गेलंय तेही बहुतेक वेळा ठाऊक असतं.

---

शेवंती_इंदिरानगर | संध्याकाळी ६.५५

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या कोष्टकात आशाताईंच्या वेळेचं काहीच नव्हतं, मी नुसतं "पोचवणे, ३००" लिहून टाकलं होतं. आता घरभेटीचा मोबदला, सत्राचा दिवस आणि मळ्यावरची एक फेरी असे वेगळे रकाने केले. आकडे तुमच्याशी बोलूनच भरेन. अर्थ_विद्यार्थींनी तिप्पट धरून दाखवलंय, म्हणजे तुमचा मोबदला नीट देण्याइतकी जागा त्या हिशेबात आहेच.

डॉक्टर, एक विनंती. आमच्या ताईंनी दोन्ही भाच्यांना लस द्यायचं मनावर घेतलंय, एकीचा खर्च मी करते म्हटलं तर त्या म्हणाल्या, "एकीला दिली आन् दुसरीला नाही, असं नको." बरोबर आहे त्यांचं. दोघींचं करतेय.

---

डॉ_नाशिकरोड | संध्याकाळी ७.३०

दोघींना रविवारी सकाळी आणा. माझी फी नाही, लस खरेदीच्या भावात देईन. आईवडिलांपैकी कुणीतरी बरोबर हवं. पिंपळगावच्या मळ्यावरून यायला सुट्टी मिळेल ना?

---

निफाडकर | संध्याकाळी ७.५०

मळा कुणाचा ते ताईंना विचारून मला कळवा. पिंपळगावात आमची ओळख आहे. खाडा न धरता सोडायला सांगतो, गाडीचंही बघतो.

---

आशा_गटप्रवर्तक_पेठ | रात्री ९.२०

२६ जानेवारीला आमच्याकडे ग्रामसभा आहे. आत्ता, जानेवारी २०२५ मध्ये, लस सरकारी कार्यक्रमात अजून आलेली नाही, पण आली की ऐनवेळी धावपळ नको म्हणून विषय आत्ताच काढते. डॉक्टर, अर्ध्या पानात मावेल असं लिहून द्याल का? रोग कसा होतो, लस कुणाला, काय दुखू-खुपू शकतं, आणि नको म्हणायचा हक्क आहे हेही. मराठीतच द्या, बोलीत मी सांगेन.

---

डॉ_नाशिकरोड | रात्री ९.३५

उद्या रात्रीपर्यंत देते. विनायकराव, संमतीचा भाग तुम्ही तपासून द्याल का?

---

विनायक_सिडको | रात्री ९.४०

देतो. पाठवा.